बेटावरचे तीन नमुने

पाथरीकर सर कुणाच्याही घरात शिरले की आधी नमस्कार करत नसत, आधी वास घेत. दारात चपला काढता काढता मान जराशी वर करायची, दोनदा नाक ओढायचं, आणि मग घरच्या बाईला सांगायचं की तुमचं दूध खालून लागलंय, किंवा देवघरातलं तूप जुनं झालंय. हैदराबादला, हिमायतनगरच्या आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाईंना म्हणाले, "गुडघ्याला तेल लावता ते ठीक, पण त्यात कापूर जास्त झालाय." सासूबाई तीन दिवस धुसफुसत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी गुपचूप बाटली बदलली.

अबकारी खात्याच्या रसायनशाळेत मी सरांच्या हाताखाली एकवीस वर्षं काढली. धाडीत पकडलेली दारू, दुकानांतून उचललेल्या बाटल्या, कल्लूचे, म्हणजे ताडीचे, कॅन, सगळं आमच्याकडे तपासायला यायचं. दारू म्हणजे दारूच आहे ना, त्यात भेसळ काय, जोर किती, माणूस पिऊन मरेल की जगेल, हे आम्ही कागदावर लिहून द्यायचं आणि त्या कागदावर कोर्टात खटला उभा राहायचा. सर आमचे मुख्य. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'नाक' म्हणत. नाकाने कांदे सोलणारा माणूस, असंही म्हणत, आणि त्यात मीही असे. खोटं कशाला बोलू?

त्यांची एक पद्धत होती. बाटलीवर नाव चालायचं नाही, फक्त नंबर. कुठून आली, कुणाची, कुठल्या ठाण्याची, हे सांगायला कुणी तोंड उघडलं की सर हात वर करायचे. मग उभ्यानेच बूच काढून वास घ्यायचा आणि फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक ओळ लिहायची. त्यानंतर नमुना यंत्राकडे. नवीन यंत्र आलं तेव्हा मी म्हटलं, आता या पेन्सिलीची काय गरज, तर म्हणाले, "यंत्राच्या आधी मी, शालिनीबाई. मी चुकलो तर यंत्र सांगेल. यंत्र चुकलं तर कोण सांगणार?" त्यांचे वडील निजामाच्या काळात महसुलात होते, घरात मराठीइतकीच उर्दू. त्यामुळे सर सहीला दस्तखत म्हणत, चुकीला खता म्हणत आणि होकाराला साधं हैदराबादी 'हौ'. आणि ज्या माणसाने आयुष्यात हजारो बाटल्यांचे वास घेतले त्याने एक थेंब कधी जिभेवर ठेवला नव्हता. पार्टीत सरबताचा ग्लाससुद्धा आधी हुंगायचे.

एका जागी बसणं त्यांना जमायचंच नाही. पायाला भिंगरी. अहवाल सांगायचे तेसुद्धा येरझाऱ्या घालत, आणि मी मान इकडून तिकडे फिरवत लिहायची. निवृत्त झाल्यावर तर विचारू नका. चिक्कडपल्लीच्या घरातून सकाळी निघायचे ते मेट्रोच्या खांबांखालून चालत नारायणगुडा, तिथून सुलतान बाजार, तिथून परत. कापडाची दुकानं, पुस्तकांची दुकानं, गुरुवारी दुकानादुकानांत लोबानचा धूर फिरवणारा फकीर, हे सगळं नाकाने मोजत. एकदा मला म्हणाले की डोळे मिटून चालतो, तुम्ही फक्त हात धरा, कुठल्या दुकानासमोर आहोत ते सांगतो. पाच दुकानं बरोबर सांगितली. सहाव्याला म्हणाले, कोरं मांजरपाट. तिथे मोबाइलची कव्हरं विकायला बसला होता एक जण, कापडवाला केव्हाच गेला होता. सर तिथून हलेनात. दुकानदाराला विचारत राहिले की कापडाचा वास येतोय तो कुठून येतोय. शेवटी मागच्या फळीवर जुन्या मालकाचा एक तागा निघाला. तेव्हा कुठे पुढे गेले.

आता ज्याच्यामुळे सर असे झाले ते सांगते. मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. एका वस्तीतून आठ बाटल्या आल्या, गुडुंबाच्या. गुडुंबा म्हणजे आमच्याकडची गावठी, गुळाची. आठही बाटल्या एकाच भट्टीच्या. सरांनी वास घेतला, कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, 'स्वच्छ, किंचित गोड'. संध्याकाळपर्यंत तपासणी पूर्ण झाली तर मिथेनॉल. म्हणजे विष, डोळे जातात, माणूस जातो. आणि तोपर्यंत त्या वस्तीत आणखी तिघे ती पिऊन बसले होते. कुणी सरांना दोष दिला नाही, देण्यासारखं काही नव्हतंच, तपासणीला लागतो तेवढाच वेळ लागला होता. पण सरांनी ती पेन्सिलीची ओळ कधी खोडली नाही. मला एकदाच म्हणाले, "वास चांगला होता हो. तेच तर." त्यानंतर मिथेनॉलचा रकाना रिकामा असलेला कागद त्यांनी टेबलावरून पुढे सरकू दिला नाही, आणि दारू गाळणारा कुणीही असो, तो त्यांच्या लेखी गुन्हेगार झाला.

आणि अशा माणसाच्या पोटी चारू. एकुलती एक, उशिरा झालेली, नाक बापाचं. लहानपणी सुट्टीत रसायनशाळेत यायची. बाद झालेल्या फॉर्मांच्या पाठीवर चित्रं काढायची, बाटलीला लाखेचं सील कसं करायचं, सुतळीची गाठ कशी मारायची, ते सरांनी तिला शिकवलं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, स्कॉलरशिप मिळवून एडिंबरोला गेली. सर सगळ्या चिक्कडपल्लीला सांगत फिरले की मुलगी अन्नशास्त्र शिकायला गेलीय. तिने तसंच सांगितलं होतं, अर्धं. शिकत होती ती दारू गाळायचं शास्त्र. शिक्षण संपल्यावर घरी आली आणि सांगितलं की स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात एक बेट आहे, तिथल्या व्हिस्कीच्या कारखान्यात नोकरी लागलीय.

मी त्या दिवशी तिथेच होते, काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, पुरणपोळीला बोलावलं होतं. सर ओरडले नाहीत. ताटावरून उठले, हात धुतला आणि म्हणाले, "मी लोकांना ज्यासाठी तुरुंगात पाठवलं ते माझ्या घरात शिकून आलंय. स्कॉटलंडचा झाला म्हणून काय झालं, गुडुंबाच तो." चारू म्हणाली की बाबा, तुम्ही जन्मभर वाईट ओळखत आलात, मला चांगलं बनवून बघायचंय. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सर बाहेर पडले होते. भर उन्हात चालत सुटले, कुठवर गेले देव जाणे. चारू परत जायच्या दिवशीही ते घरी नव्हते.

त्यानंतर नऊ वर्षं. नऊ! त्यांनी तिचं नाव घेणं सोडलं. बोलायची वेळ आलीच तर 'बेटावरची'. "बेटावरचीचा फोन आला होता का?" असं काकूंना विचारायचे, आणि काकू हो म्हणाल्या की लगेच दुसरा विषय काढायचे. काकू बिचाऱ्या स्वयंपाकघरात, कुकरच्या आवाजाच्या आडोशाने मुलीशी बोलायच्या. मला सरांचा राग यायचा. भांडले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर मिटलं तरी असतं. असं मुकाट्याने वाळीत टाकणं कुणाचं भलं करतं? मी एकदा तोंडावर बोललेसुद्धा. सर म्हणाले, "शालिनीबाई, तुमचा सवाल वाजिब आहे," आणि उठून गेले.

मग काकूंनी मला एक गोष्ट दाखवली. सर आंघोळीला गेले होते, त्यांचा मोबाइल टेबलावर होता. काकूंनी तो उघडून माझ्यापुढे धरला. रोज सकाळी सर हवामान बघतात हे मला ठाऊक होतं, मला वाटायचं हैदराबादचं. ते त्या बेटाचं होतं. वारा किती, पाऊस किती, समुद्र कसा. काकू म्हणाल्या की कधी कधी चहा पिता पिता नुसतेच म्हणतात, आज बोट सुटणार नाही. कुणाला म्हणून म्हणत नाहीत. तिथे उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. राग गेला असं नाही, पण त्याचं काय करावं ते कळेना.

गेल्याच्या गेल्या वर्षी मला चारूचा मेल आला. तिथे गेल्या गेल्या पहिल्या वर्षी तिने स्वतःच्या हाताने तीन पिंपं भरली होती. तिकडे व्हिस्की लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात, तेव्हा तिला रंग आणि चव येते. आता ती उघडायची वेळ झाली होती. तिने लिहिलं होतं, 'मावशी, बाटली पाठवली तर बाबा ती गच्चीवरून फेकून देतील. पण नमुना पाठवला तर? तुम्ही सांगा, आलेला नमुना त्यांनी कधी बिनअहवालाचा ठेवलाय?' मी ते वाचून हसले. पोरीने बापाची नस बरोबर पकडली होती. पण बापाने 'अयोग्य' लिहून पाठवलं तर ती कायमची तुटेल, हेही मला दिसत होतं. तिनेही ते लिहिलं होतं, की आता काय ते एकदाचं होऊन जाऊ दे.

माझा भाचा तिकडून सुट्टीला येणार होता, त्याच्या सामानातून तीन लहान बाटल्या आल्या. वर नाव नाही, गाव नाही. १, २, ३. बुचांवर लाख, मानेभोवती सुतळी. आणि सोबत आमच्या खात्याचा जुना फॉर्म, तिने आठवून आठवून हाताने लिहून काढलेला, अगदी रकान्यांसकट. पाठवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती.

मी ते घेऊन चिक्कडपल्लीला गेले. टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, सर, नमुने आलेत. कुठून, असं ते विचारतील म्हणून मी उत्तर पाठ करून गेले होते. त्यांनी विचारलंच नाही. मी तोंड उघडलं तर नेहमीसारखा हात वर केला. एकेक बाटली उचलून उजेडात धरली, सील पाहिलं. "लाख आपल्याकडची नाही," म्हणाले. मग सुतळीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. शेवटी म्हणाले, गाठ बरोबर आहे. काकू दारात उभ्या होत्या त्या पदराने तोंड दाबून आत गेल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे माझे कसे गेले ते मला विचारा. सरांनी नमुने कपाटात ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. निवृत्तीला आम्ही दिलेला हायड्रोमीटर होता त्यांच्याकडे, दारूचा जोर मोजायचा, तो पुसून काढला. एकेका दिवशी एकेक रकाना भरायचे. रंग. गढूळपणा. तापमान. जोर. वास मात्र तिन्हींचा रोज सकाळी घ्यायचे, आणि कोपऱ्यातली पेन्सिलीची ओळ रोज खोडून नवी लिहायचे. मला फोन करायचे सकाळी सातला. "एक नंबरमध्ये टिंक्चर आयोडीन आहे. जखमेला लावतात ते. दारूत कसं येईल?" मी म्हणायची, समुद्र असेल सर. फोन ठेवायचे. अर्ध्या तासाने पुन्हा. "चुलीत पाणी ओतल्यावर येतो तो वास." मी वाचून ठेवलं होतं, तिकडे दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवतात आणि तिच्या धुरावर धान्य सुकवतात. ते सांगितलं तर म्हणाले, हौ, मातीच ती, आणि पुन्हा फोन बंद. काकू मला सांगायच्या की झोप नाही, जेवण धड नाही, घरातल्या घरात शंभर फेऱ्या. माझंही तेच. पोळ्या लाटताना मी दोनदा तवा जाळला.

दोन रकान्यांवर गाडी अडली होती. एक मिथेनॉलचा. त्याची तपासणी घरात करता येत नाही, रसायनं लागतात, यंत्र लागतं. दुसरा चारूने स्वतःच्या मनाने घुसवलेला, खात्याच्या फॉर्मात कधीच नव्हता. 'चव.' पहिल्या दिवशी सरांनी त्यावर बोट ठेवून म्हटलं होतं की हा रकाना आपला नाही. मला वाटलं आता तो खोडून टाकतील. खोडलाही नाही, भरलाही नाही.

एका सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात सर, चिक्कडपल्लीहून चालत आलेले, शर्ट घामाने भिजलेला. आत यायला तयार नाहीत. दारातच म्हणाले, "मिथेनॉलचा रकाना मी भरू शकत नाही. साधन नाही. तिथे 'तपासणी केली नाही' लिहितो."

मी म्हटलं, मग चवीचा रकाना तसाच राहू द्या. तपासल्याशिवाय जिभेला लावायचं नाही हे तुम्हीच आम्हाला शिकवलं.

"हौ. शिकवलं." मग इकडे तिकडे बघत म्हणाले, "उद्या अकरा वाजता या. उपाशी नका येऊ, पण कांदा-लसूण नको, चहा-कॉफी नको. केसाला तेल नको. अहवालावर दोन दस्तखत लागतात. तपासल्याशिवाय तुम्ही सही करणार नाही, मी ओळखतो तुम्हाला."

म्हणजे मीही प्यायची! कपाळ माझं. बावन्न वर्षांची बाई, घरी सोमवार करणारी. नवऱ्याला सांगितलं तर तो हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. पण मला नाही म्हणवेना. सर चाखणार आहेत, रिकाम्या रकान्यावर चाखणार आहेत, हे माझ्या डोक्यात बसायलाच वेळ लागला.

मंगळवारी गेले तर घराचं रसायनशाळेत रूपांतर झालेलं. सकाळपासून फोडणी बंद, उदबत्ती बंद. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसल्या होत्या आणि आज काय दहीभात खायचा का सगळ्यांनी म्हणून पुटपुटत होत्या. खिडकी उघडी, पंखा बंद. टेबलावर पांढरं धुवट कापड, त्यावर सहा छोटे काचेचे पेले, प्रत्येकावर बशी झाकलेली. शेजारी पाण्याची वाटी आणि ड्रॉपर. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाढी मात्र बिनसाबणाची, साबणाचा वास नको म्हणून, गालावर दोन ठिकाणी कापलेलं. काकूंनी मला बाजूला ओढून सांगितलं की काही झालं तरी चांगलंच लिहायला लावा, नऊ वर्षं झाली, आता आणखी सोसवत नाही. सरांनी ते ऐकलं. म्हणाले, नमुन्याला जे आहे ते लिहिलं जाईल.

त्यांनी बाटल्यांची बुचं काढली. मोजून ओतलं. मग पहिला पेला हातात घेऊन ते गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गेले. खाली भाजीवाला ओरडत होता. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. पाचव्या फेरीला ते टेबलाजवळ थांबले, मिथेनॉलच्या रकान्याकडे एकदा पाहिलं, आणि एक घोट घेतला. थुंकायला वाटी ठेवली होती, तिच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. गिळला.

मग माझ्याकडे बोट केलं. मीही डोळे मिटून घेतला. आई गं! आधी नुसती आग, जिभेपासून पोटापर्यंत. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग आग ओसरली आणि मागे धूर राहिला, खारट, ओला, आणि त्याच्याही मागे काहीतरी गोड, जर्दाळूसारखं. ते जाईचना.

सरांनी थेंब थेंब पाणी घालून तिन्ही पुन्हा चाखले. एकेकासाठी गॅलरीच्या पाच-सहा फेऱ्या. चेहऱ्यावरून काही कळेना. एवढ्या वर्षांत त्यांचा चेहरा मला वाचता यायचा असं मी समजत होते. मग म्हणाले, लिहून घ्या. त्यांचा हात आता थरथरायचा, म्हणून अहवाल मीच लिहायचा असं ठरलं होतं.

"नमुना एक. धूर, समुद्राचं मीठ, आयोडीन. शेवटी लोबान. जोर जास्त असूनही घशाला टोचत नाही. काम स्वच्छ आहे." मी लिहिलं. 'काम' हा शब्द त्यांनी अहवालात कधी वापरला नव्हता. काकूंनी पाट पुढे सरकवला.

"नमुना दोन. सदोष." माझं पेन थांबलं. काकूंनी सरांकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर विरघळला असता. सर येरझाऱ्या घालतच होते. "विझवलेल्या काडीचा वास. जळलेलं रबर. गाळण्यात खता नाही, लाकडात आहे. पिंप खराब होतं. हे विकू नये." मी विचारलं, सर, हे असंच लिहू? म्हणाले, असंच. पुढे चारूने मला कळवलं की दुसऱ्या पिंपाची तिला स्वतःला शंका होती, कारखान्यात कुणालाही ती पटत नव्हती आणि तिने त्या पिंपाचा नमुना मुद्दाम पाठवला होता. पण त्या क्षणी मला हे कुठे माहीत? मला वाटलं, गेलं सगळं.

तिसऱ्याला सर पुन्हा गॅलरीत गेले. गॅलरीतून खाली बघत उभे होते. मग तिकडूनच म्हणाले, "जर्दाळू. बी फोडून आतला बदाम निघतो तो. सुकं खोबरं. धूर आहे पण मागे उभा आहे, पुढे येत नाही." थांबले. "शेरा लिहा. नमुना अपुरा आहे, आणखी मागवावा." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "एक आणि तीन, मानवी सेवनास योग्य."

काकू रडायला लागल्या. मलाही रडू येत होतं, पण पेन हातात असताना सरांसमोर रडायची सोय नव्हती. कागद संपत आला होता. आमच्या फॉर्मच्या तळाशी, सहीच्या वर, एक ओळ असते. प्रत्येक अहवालावर ती असायची आणि सही करण्याआधी लिहिणाऱ्याने ती वाचून दाखवायची असा नियम होता. एकवीस वर्षांत मी ती किती वेळा वाचली असेन आणि सरांनी तिच्याकडे न बघता किती सह्या केल्या असतील. चारूने तीही जशीच्या तशी उतरवून काढली होती. मी सवयीने वाचली, "प्रमाणित करतो की नमुना पाठवणाऱ्या व्यक्तीशी माझे कोणतेही नाते अथवा हितसंबंध नाहीत."

सरांनी पेन हातात घेतलं होतं. सहीच्या जागेवर टेकवलंही होतं. ते तसंच राहिलं. शाईचा एक ठिपका पडला आणि मोठा होत गेला.

मग त्यांनी पट्टी मागितली. खात्यात खाडाखोड करायची तर एकच सरळ रेघ मारायची आणि बाजूला सही करायची, हा त्यांचाच दंडक. त्यांनी त्या ओळीवर पट्टी ठेवून रेघ मारली. वर कोऱ्या राहिलेल्या जागेत, पाठवणाऱ्याचं नाव असतं तिथे, स्वतःच्या थरथरत्या हाताने सावकाश लिहिलं, 'चारुशीला व्यंकटराव पाथरीकर'. आणि खाली, मारलेल्या रेघेच्या शेजारी, 'नाते आहे. माझी मुलगी आहे.' दोन्हीकडे सही केली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हा अहवाल आता बाद झाला."

"हौ," सर म्हणाले. "बाद झाला. आजच पाठवा."